पावती फाडू नका, वाचा

दोस्तांनो, या अंकाला कविता देतो म्हणून कबूल केलं होतं. पण गेल्या तीन महिन्यांत वस्तीतल्या पोरांची जेवढी चलानं मी वाचली, तेवढ्या कविता वाचल्या नाहीत. तेव्हा कविता राहू दे. चलानावर बोलू.

कुठल्याही सिग्नलला अर्धा तास उभे राहा आणि हवालदाराचा हात कुणाला होतो ते बघा. काळ्या काचेची गाडी निघून जाते. हात होतो पाठीवर जेवणाची पेटी बांधलेल्या पोराला, टेम्पोवाल्याला, नाईट पाळी करून सेकंडहँड मोटरसायकलवर परतणाऱ्याला. आधी किल्ली काढून घेतात. मग विचारतात, कुठं राहतो? पत्ता ऐकला की भाषा बदलते, ‘अहो’चं ‘ए’ होतं. आणि लायसन वाचताना आडनावापाशी जी नजर थांबते ती नजर आपल्याला शाळेच्या हजेरीपासून ओळखीची आहे.

पुरावा काय, असं आमचे शिकलेले मित्र विचारतात. बरोबर विचारतात. चलानावर जातीचा रकाना नाही. म्हणजे अपमान आहे, पण कागद नाही. आणि कागद नसला की या देशात झालेलं काही झालेलंच नसतं. हे आपल्या बापजाद्यांनी गावकीत भोगलंय. म्हणूनच मी कागदाबद्दल लिहितोय.

पण आधी भांडण आपल्याच पोरांशी आहे.

आपल्या पोरांना तीनच वाटा ठाऊक. पहिली तोडपाणी. दोनशे हातात दाबायचे आणि निघायचं. दुसरी भाऊचा फोन. “मी अमक्याचा माणूस” म्हणायचं, मोबाइल हवालदाराच्या कानाला लावायचा. तिसरी, आलेला मेसेज पुसून टाकायचा आणि विसरायचं. तिन्ही वाटांनी आपण गुलामच राहतो. तोडपाणी केलं की हवालदाराला उद्याचं गिऱ्हाईक मिळालं. फोन लावला की भाऊचं देणं मानेवर बसलं, निवडणुकीत ते व्याजासकट फेडायचं. आणि विसरलं तर यंत्र विसरत नाही. गाडी नावावर करायची, विकायची वेळ आली की आर.टी.ओ.त काम अडतं. ज्याचं पोट लायसनवर आहे, त्याचं पोट अडतं.

मीही याच वाटांनी गेलो म्हणून माझंच सांगतो. गोदीतल्या एका जोडीदाराकडून मोटरसायकल घेतली. एकोणतीस आणि तीस नंबरचे फॉर्म सही करून घेतले आणि पेटीत ठेवले. कायदा म्हणतो, विकणाऱ्यानं चौदा दिवसांत आणि घेणाऱ्यानं तीस दिवसांत कळवायचं. मी दोन वर्षं कळवलं नाही. मेसेज जात राहिले जुन्या मालकाच्या मोबाइलवर. तो गावी निघून गेलेला. मी आर.टी.ओ.त उभा राहिलो तेव्हा गाडीवर नऊ चलानं निघाली.

बाहेरचा दलाल म्हणाला, तीन हजार दे, सगळी साफ करतो. कशी करणार? ते तुझं काम नाही, म्हणाला. घरी येऊन नऊच्या नऊ उघडली. सात माझी होती. हेल्मेट नव्हतं, गाडी चुकीच्या जागी लावली होती, एकदा झेब्रा पट्ट्यावर उभा होतो. फोटोत मीच, मान खाली घालून. पण उरलेल्या दोन फोटोंत मोटरसायकलच नव्हती, स्कूटर होती. नंबरप्लेटवर चिखल, तिनाचा आठ वाचलेला. नऊ चलानं दोन वर्षं माझ्या नावावर चढत होती आणि एकही मी उघडून पाहिलं नव्हतं.

सात भरली. दोनवर तक्रार टाकली. तक्रार फेटाळली, कारण दिलं नाही. मग समन्स आलं. तीन तारखा. पहिल्या तारखेला साहेब रजेवर. दुसऱ्या तारखेला बोर्ड संपलं तरी माझा नंबर आला नाही. तिसऱ्या तारखेला मॅजिस्ट्रेटनं फोटो बघितला, मान वर केली आणि सरकारी वकिलाला विचारलं, ही मोटरसायकल आहे का? दोन मिनिटं लागली. हजार रुपये वाचले आणि त्यासाठी तीन खाडे पडले. हिशोब केला तर मी हरलो. दलाल स्वस्त पडला असता. घरी बायकोनं हेच सांगितलं आणि तिचं खोटं नव्हतं.

पण त्या दिवशी कोर्टाच्या रोजनाम्यात लिहिलं गेलं की पोलिसांचं चलान चुकीचं होतं. आमच्या घराण्यात कुठल्याही सरकारी वहीत आमच्या बाजूनं लिहिलेली ती पहिली ओळ. तिची नक्कल काढून ठेवलीय.

रस्ता ही आपल्यासाठी साधी गोष्ट कधीच नव्हती. १९२४-२५ साली वायकोमला माणसं सत्याग्रहाला बसली ती देवळात शिरण्यासाठी नाही, देवळाभोवतीच्या रस्त्यावरून चालण्यासाठी. १९२९ साली बाबासाहेब सरकारी समितीच्या कामाहून परतताना चाळीसगावला उतरले. टांगेवाले त्यांना न्यायला तयार होईनात. अस्पृश्याला हाकून न्यायचं म्हणजे कमीपणा. वस्तीतल्या लोकांनी टांगा भाड्यानं मिळवला, पण हाकणारा मिळाला नाही. मग आपल्यातलाच एकजण, टांगा कधी न हाकलेला, पुढं बसला. मोरीवर चाक आदळलं. बॅरिस्टर माणूस दगडावर फेकला गेला, पाय मोडला. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये हे लिहून ठेवलंय. लिहिलं म्हणून आज आपण सांगू शकतो. नाहीतर तो नुसता अपघात ठरला असता.

१९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी पँथर हे नाव घेतलं ते अमेरिकेतल्या काळ्या पोरांकडून. ब्लॅक पँथर १९६६ साली ओकलंडला उभी राहिली. पोलिसांनी काळ्या माणसाची गाडी अडवली की ही पोरं थोड्या अंतरावर उभी राहायची. ह्यूई न्यूटनकडं बंदूक होती हे सगळे सांगतात. त्याच्याकडं कायद्याचं पुस्तक होतं, हे कुणी सांगत नाही. तो पोलिसासमोर कलम वाचून दाखवायचा. ज्या चौकात पोरं गाडीखाली येत होती, तिथं त्यांनी स्वतः उभं राहून रस्ता ओलांडून दिला. १९६७ साली तिथं सिग्नल बसला. आपण पोस्टर आणलं, जाकीट आणलं, मूठ आणली. पुस्तक तिथंच राहिलं.

आणि तिथलं राज्य तरी काय सुधारलं? मिसुरी राज्यात फर्ग्युसन नावाचं लहान शहर आहे. २०१४ च्या ऑगस्टमध्ये तिथं मायकल ब्राऊन या अठरा वर्षांच्या पोराला पोलिसानं गोळी घातली. शहर पेटलं. मग वॉशिंग्टनच्या न्याय खात्यानं चौकशी केली आणि मार्च २०१५ ला अहवाल दिला. त्यात दंगलीपेक्षा जास्त निघालं ते ट्रॅफिक कोर्ट. लोकसंख्येत काळे ६७ टक्के, पण अडवलेल्या गाड्यांत ८५ टक्के, फाडलेल्या पावत्यांत ९० टक्के, अटकेत ९३ टक्के. नगरपालिकेचा मोठा गल्ला दंडावर चालायचा आणि कोर्ट म्हणजे त्या गल्ल्यावरचा कारकून. एका काळ्या बाईनं २००७ साली एकदा गाडी चुकीची लावली. दोन पावत्या, १५१ डॉलर आणि वर फी. तारखेला जाता आलं नाही, त्याचा वेगळा दंड, त्यावर वॉरंट. सहा दिवस तुरुंगात काढले, ५५० डॉलर भरले आणि २०१४ संपतानाही तिच्या नावावर ५४१ डॉलर बाकी होते. सावकाराच्या वहीत आपल्या आजोबांचा अंगठा होता, तिचं नाव कोर्टाच्या वहीत होतं. वही तीच.

हे उघड कसं झालं? मिसुरीत २००० सालापासून कायदा आहे की पोलिसानं गाडी अडवली की ड्रायव्हरचा वंश नोंदवायचा. नोंद होती म्हणून टक्केवारी निघाली. आपल्याकडं नोंदच नाही, म्हणून आपला अपमान म्हणजे आपला ‘गैरसमज’. उद्या कुणी म्हणेल की चलानावर जात कशाला आणता? जात तुम्ही आणली. आम्ही फक्त तिची नोंद मागतोय.

आता कामाचं बोलतो. पेन घ्या.

गाडीवर काय चढलंय ते महाट्रॅफिकच्या सरकारी साइटवर आणि अॅपवर दिसतं. गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकायचे. महिन्यातून एकदा बघा, पगाराच्या दिवशी बघा. फोटो उघडा. गाडी आपली आहे का, नंबर आपला आहे का, तारखेला आपण कुठं होतो, कलम कुठलं लावलंय. चूक असेल तर तक्रार तिथंच टाका आणि तक्रारीचा नंबर लिहून ठेवा. मस्टर, पावती, जे असेल ते जोडा. आणि व्हॉट्सअॅपवर चलानच्या नावानं फाइल आली तर उघडू नका, ते चोर आहेत. सरकारी साइट स्वतः हातानं टाइप करायची.

चलान कोर्टात गेलं असेल तर दोन ठिकाणी बघायचं. एक, ऑनलाइन कोर्ट, ज्याला व्हर्च्युअल कोर्ट म्हणतात. तिथं राज्य आणि खातं निवडून गाडीच्या किंवा चलानच्या नंबरानं शोधता येतं. कबूल असेल तर दंड भरा, कबूल नसेल तर तसं सांगा, मग प्रकरण नेहमीच्या कोर्टाकडं जातं. दुसरं, ई-कोर्ट्सची साइट. जिल्हा आणि कोर्ट निवडा, नावानं किंवा केस नंबरानं शोधा. प्रत्येक केसला सोळा अक्षरी-आकडी सी.एन.आर. नंबर असतो, तो मिळाला की पुढची तारीख, झालेले हुकूम सगळं दिसतं. दिसलं नाही तर कोर्टाच्या ऑफिसात जा. पट्टेवाला हाकलेल. शिरस्तेदाराकडं जा. रोजनाम्याची नक्कल अर्ज करून, फी भरून मिळते. ती मेहेरबानी नाही.

आता कलमं. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. २०१९ च्या सप्टेंबरपासून दंड वाढवले. कलम १७७ चा किरकोळ दंड शंभराचा पाचशे झाला. महाराष्ट्रात वाढीव दर डिसेंबर २०२१ पासून लागू झाले. लायसन जप्त केलं तर कलम २०६ प्रमाणे त्याची पोच द्यावीच लागते. मागा. किल्ली काढून घ्यायचं कलम या कायद्यात मला कुणी दाखवावं, मी पुढच्या अंकात छापतो. कागद घरी राहिले तर डिजिलॉकरमधले चालतात.

कॅमेऱ्याचं चलान म्हणजे देववाणी नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं नियम १६७अ आणला. त्यात लिहिलं की कॅमेऱ्याला सरकारी मंजुरीचं प्रमाणपत्र पाहिजे, कॅमेरा आहे असा फलक रस्त्यावर आधी दिसला पाहिजे, फोटोत गुन्हा आणि नंबरप्लेट स्पष्ट दिसली पाहिजे, वेळ, जागा, कलम पाहिजे, आणि नोटीस पंधरा दिवसांत पाठवली पाहिजे. आता आपल्या हातातली चलानं काढा आणि यातलं काय काय आहे ते ताडून बघा. २०२५ च्या जुलैत राज्याच्या वाहतूक पोलिसांनाच परिपत्रक काढावं लागलं की स्वतःच्या खाजगी मोबाइलवर फोटो काढून नंतर चलान टाकू नका. म्हणजे तोवर काय चालत होतं? त्याच महिन्यात मालवाहतूकवाल्यांनी ई-चलानांविरुद्ध गाड्या उभ्या केल्या आणि सरकारला समिती नेमावी लागली. मालकांची गाडी थांबली की समिती बसते. आपल्या पोराची थांबली की पोर बसतं, फुटपाथवर.

आणखी एक. ज्या गुन्ह्याला फक्त दंडाची शिक्षा आहे, त्याची दखल कोर्टानं सहा महिन्यांच्या आत घ्यायची, अशी मुदत आहे. जुन्या फौजदारी संहितेत ते कलम ४६८ होतं, १ जुलै २०२४ पासूनच्या नागरिक सुरक्षा संहितेत ५१४ आहे. कारण पटलं तर कोर्ट मुदतीनंतरही दखल घेऊ शकतं, पण कारण पटवावं लागतं. तीन-तीन वर्षं जुन्या चलानाची नोटीस आली की आपली पोरं निमूट रांगेत उभी राहतात. मुदतीचा मुद्दा तुम्ही उठवला नाही तर तुमच्यासाठी तो कुणी उठवणार नाही.

लोकअदालतीचा मेसेज येतो तेव्हा भाषा धमकीची असते. पण लोकअदालत १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली चालते आणि तिचा पायाच तडजोड. दोन्ही बाजू राजी असतील तरच निवाडा. राजी नसाल तर नाही म्हणा. राजी झालात की मात्र त्यावर अपील नाही. म्हणून सही करण्याआधी वाचा. आपल्या चुकीचं चलान असेल आणि एका फेरीत मिटत असेल तर जरूर जा. दुसऱ्याच्या स्कूटरचं असेल तर तडजोड कसली?

आणि त्याच कायद्याचं कलम १२ भिंतीवर लिहून ठेवा. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला फुकट वकील मिळण्याचा हक्क आहे. उत्पन्नाची अट त्याला नाही. कोर्टाच्या आवारात विधी सेवेचं ऑफिस असतं. किती पोरं त्या दारातून आत गेली? दलालाच्या टपरीवर मात्र गर्दी. इतकी वर्षं आमच्या पुढाऱ्यांनी हे एक कलम वस्तीत सांगितलं नाही. सांगितलं तर फोन कुणाला लागणार? ज्याच्या गाडीवर पक्षाचा बोर्ड आणि निळा झेंडा आहे, आणि त्या जोरावर तो सिग्नल तोडतो, तो बाबासाहेबांचा झेंडा टोलनाक्यावर गहाण टाकतोय.

हे ऐकून कुणी म्हणेल, बरं झालं, आता हेल्मेट नको. त्याच्या कानाखाली आधी मीच देईन. २०२२ साली या देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातली ५०,०२९ हेल्मेट नसलेली. जवळजवळ निम्मे मेलेले दुचाकीवरचे आणि पाचातला एक पायी चालणारा. मोटारीत एअरबॅग आहे, आपल्याला फक्त कवटी. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला कलम १८५ प्रमाणे जागेवर दंड भरून सुटता येत नाही, कोर्टात जावंच लागतं. तिथं आम्ही कुणी त्याच्याबरोबर उभे राहणार नाही. ज्याला तो उडवतो तो फुटपाथवर झोपलेला आपलाच असतो. माझी सात चलानं खरी होती आणि मी भरली. खरं चलान भरलं म्हणून खोट्या चलानावर ताठ उभा राहू शकलो.

आता सरकारकडं मागणी. गाडी अडवली की कुणाला, कुठं, कशासाठी अडवलं याची नोंद ठेवा आणि चौकीवार छापा. प्रत्येक चलानाबरोबर फोटो आणि कलम मराठीत द्या. तक्रार फेटाळलीत तर कारण लिहा. चलानाचं कोर्ट संध्याकाळी आणि रविवारी भरवा, म्हणजे हजाराच्या न्यायासाठी तीन खाडे पडणार नाहीत. आणि दंड कमाईवर लावा. फिनलंडमध्ये वेगाचा दंड कमाई बघून ठरतो. २०२३ साली तिथल्या एका धनिकाला १,२१,००० युरो भरावे लागले. इथं पाचशे रुपये म्हणजे एकाची हॉटेलातली टिप आणि दुसऱ्याचा दिवसभराचा घाम. दोघांना सारखा दंड म्हणजे समता, असं म्हणणाऱ्यांनी समता हा शब्द आमच्यासमोर उच्चारू नये.

सरकार देईल तेव्हा देईल. तोवर माहिती अधिकार आहे. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एक विषय, दीडशे शब्दांच्या आत अर्ज, तीस दिवसांत उत्तर. आपल्या नाक्यावरच्या कॅमेऱ्याचं मंजुरी प्रमाणपत्र मागा. एका वर्षात त्या नाक्यावर दुचाक्यांना किती चलानं, मोटारींना किती, ते मागा. तक्रारी किती आल्या, किती फेटाळल्या, ते मागा. उत्तर नाही आलं तर अपील करा. दहा नाक्यांवरून दहा पोरांनी अर्ज टाकले तर या अंकात छापायला कविता कमी पडतील आणि मला त्याचं वाईट वाटणार नाही.

दर रविवारी सकाळी दहा वाजता वस्तीतल्या विहाराच्या ओट्यावर मी आणि दोन कॉलेजची पोरं टेबल टाकून बसतोय. एक जुना लॅपटॉप आहे, मोटार वाहन कायद्याचं पुस्तक आहे, फी नाही. येताना गाडीचा नंबर, चासी नंबर आणि आलेला प्रत्येक मेसेज घेऊन या. दोन वर्षांपूर्वीचा असला तरी आणा. पुसून टाकू नका.

जयभीम.